आपत्ती व्यवस्थापनात शास्त्रज्ञांचे स्थान : इशारा कोणाचा, निर्णय कोणाचा?

जून उजाडला की गोव्यात भ्रमणध्वनीवर रंगांची भाषा सुरू होते. आज पिवळा इशारा, उद्या नारिंगी, परवा कदाचित लाल. होडी समुद्रात न्यावी की नाही, घाटरस्त्याने निघावे की थांबावे, मुलांना शाळेत पाठवावे की घरी ठेवावे, हे अनेकदा त्या एका रंगावर ठरते. हा रंग कोण ठरवतो, कशाच्या आधारे ठरवतो आणि तो ठरल्यानंतर पुढची कृती कोणाच्या हातात असते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आपत्ती येऊन गेल्यावर एकच प्रश्न उरतो : शास्त्रज्ञांनी सांगितले नव्हते का?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांतील काही घटनांतून मिळू शकते. काही ठिकाणी शास्त्रज्ञांनी वेळेवर सांगितले, तरी गाव वाचले नाही. काही ठिकाणी त्यांचे ऐकले गेले आणि हजारो जीव वाचले. एका ठिकाणी शास्त्रज्ञांच्या नावाने दिलेला दिलासाच लोकांना महागात पडला. या सर्व घटनांत एक सूत्र आढळते. धोका ओळखणे हे शास्त्रज्ञाचे काम, निर्णय घेणे हे प्रशासनाचे काम; या दोन कामांमधला पूल आधीच बांधलेला नसेल, तर उत्तम ज्ञानही कागदावरच राहते.

तज्ज्ञ म्हणजे कोण?

आपत्ती व्यवस्थापनात ‘तज्ज्ञ’ हा शब्द एका माणसाला किंवा एका विषयाला लागू होत नाही. चक्रीवादळाचा मार्ग हवामानशास्त्रज्ञ सांगतो, पण त्या वादळाने समुद्राचे पाणी किती आत शिरेल हे समुद्रशास्त्रज्ञ सांगतो. डोंगर कोठे खचेल हे भूशास्त्रज्ञ पाहतो, तर खचणाऱ्या डोंगराखालचे घर टिकेल की नाही हे स्थापत्य अभियंता जाणतो. मदत छावणीत रोगराई पसरू नये म्हणून साथरोगतज्ज्ञ लागतो. लोक घर सोडायला का तयार होत नाहीत, हे समाजशास्त्रज्ञ समजावून देऊ शकतो.

या सर्वांचे काम तीन टप्प्यांत विभागता येते. पहिला टप्पा आपत्तीच्या आधीचा. त्यात धोक्याचे नकाशे, बांधकामाचे निकष, नोंदी ठेवणारी उपकरणे आणि पूर्वतयारीचे आराखडे येतात. दुसरा टप्पा प्रत्यक्ष संकटाचा. त्यात अंदाज, इशारे आणि तासागणिक बदलणारा सल्ला येतो. तिसरा टप्पा संकटानंतरचा, म्हणजे काय घडले, का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलावे याचा अभ्यास. वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर दुसरा टप्पा दिसतो. माणसे मुख्यतः पहिल्या टप्प्यात वाचतात.

भारतात ही जबाबदारी अनेक संस्थांत वाटलेली आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेले भारतीय हवामान खाते पाऊस, वादळे, उष्णतेची लाट यांचे अंदाज देते. १८५१ पासून कार्यरत असलेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण भूस्खलनाच्या अभ्यासाची मध्यवर्ती संस्था आहे. नद्यांच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. भूकंपांची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र ठेवते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्सुनामी, उंच लाटा आणि मच्छीमारांसाठीच्या सूचना यांचे काम पाहते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप तयार केले आहे.

यांतील काही व्यवस्था संकटानंतर उभ्या राहिल्या, हेही नोंदवले पाहिजे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला, तेव्हा लाटा भारताच्या मुख्य किनाऱ्यावर पोहोचायला सुमारे दोन ते तीन तास लागले. तेवढ्या वेळात किनारा रिकामा करता आला असता. पण हिंदी महासागरात त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. आज मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत तेथून पहिली सूचना निघते.

कायद्यात तज्ज्ञांना जागा कोठे?

देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात. वस्ती हलवणे, रस्ता बंद करणे, प्रवेशास मनाई करणे हे अधिकार या प्राधिकरणांकडे आहेत; ते हवामान खात्याकडे किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे नाहीत. शास्त्रज्ञ सल्ला देतो, आदेश शासन देते, ही विभागणी कायद्यातच स्पष्ट आहे.

तज्ज्ञांसाठी कायद्यात तीन पातळ्यांवर सल्लागार समित्यांची तरतूद आहे : राष्ट्रीय प्राधिकरणासाठी कलम ७, राज्यासाठी कलम १७ आणि जिल्ह्यासाठी कलम २८. मात्र या तिन्ही कलमांत समिती ‘नेमता येईल’ असे म्हटले आहे, ‘नेमलीच पाहिजे’ असे नाही. राज्य व जिल्हा पातळीवर तर प्राधिकरणाला गरज वाटेल तेव्हाच ती नेमायची आहे. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्याच्या शेजारी संकटाच्या रात्री कोणी भूशास्त्रज्ञ बसलेला असेल की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या तयारीवर अवलंबून राहते. २०२५ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन करण्याचा मार्ग मोकळा केला. पणजीसारख्या खाडीकाठच्या राजधानीच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

आर्मेरो : नकाशा होता, गाव रिकामे झाले नाही

ज्ञान आणि निर्णय यांतील दरी किती भीषण ठरू शकते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाचे आहे. तेथील नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी नोव्हेंबर १९८४ पासून अस्वस्थ होता. ११ सप्टेंबर १९८५ रोजी त्यातून वाफेचा आणि राखेचा मोठा स्फोट झाला. शास्त्रज्ञांनी घाईने धोक्याचा नकाशा तयार केला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो प्रसिद्धही झाला. ज्वालामुखीच्या उष्णतेने माथ्यावरचे बर्फ वितळेल, त्या पाण्यात राख व दगडमाती मिसळून चिखलाचे लोट नद्यांच्या पात्रांतून खाली येतील आणि त्यांच्या वाटेत आर्मेरो हे शहर आहे, हे त्या नकाशात दाखवले होते. हे काही नवे नव्हते. १५९५ आणि १८४५ मध्ये असेच लोट त्याच जागी आले होते. आर्मेरो त्या जुन्या चिखलाच्या थरावरच वसले होते.

पण नकाशाकडे अतिरंजित भीती म्हणून पाहिले गेले. शहर रिकामे करायचे तर खर्च येणार, व्यापार थांबणार, आणि स्फोट झालाच नाही तर जबाबदारी कोणावर, या विवंचनेत निर्णय पुढे ढकलला गेला. १३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी आर्मेरोवर राख पडू लागली, तेव्हाही लोकांना शांत राहण्यास आणि घरात थांबण्यास सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. चिखलाचा लोट आर्मेरोला पोहोचायला जवळजवळ अडीच तास लागले. शेजारच्या टेकडीवर चालत जायला एवढा वेळ पुरेसा होता. त्या रात्री एकूण सुमारे २३,००० माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य आर्मेरोची होती.

येथे विज्ञान अपुरे पडले असे म्हणता येत नाही. धोका कोणता, तो कोठून येणार, कोठे पोहोचणार, हे ठाऊक होते. नेमका दिवस तेवढा ठाऊक नव्हता. प्रशासन त्या दिवसाची वाट पाहत राहिले. धोक्याची पातळी अमुक झाली की अमुक वस्ती हलवायची, असे आधी ठरलेले काहीच नव्हते.

पिनातुबो : आधी ठरवलेल्या पायऱ्या

आर्मेरोच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ज्वालामुखीच्या संकटात इतर देशांना मदत करणारे एक कायमस्वरूपी पथक उभारले. त्याचा खरा कस फिलिपिन्समध्ये १९९१ साली लागला. सुमारे ५०० वर्षे शांत असलेल्या पिनातुबो पर्वतातून २ एप्रिल १९९१ रोजी वाफेचे स्फोट झाले. रेमुंदो पुनोंगबायन यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिन्सच्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेने अमेरिकी पथकाच्या साहाय्याने पर्वताभोवती उपकरणे बसवली आणि धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी तयार केली. प्रत्येक पायरीचा अर्थ काय, उद्रेक किती दिवसांत किंवा किती तासांत संभवतो, हे साध्या शब्दांत लिहिले होते.

तरीही अधिकाऱ्यांना धोका पटत नव्हता. जिवंत माणसांच्या आठवणीत त्या पर्वताचा उद्रेकच नव्हता. तेव्हा शास्त्रज्ञांनी मोरिस व कातिया क्राफ्त या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याने तयार केलेली चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. राखेचा तप्त लोट डोंगरावरून कसा धावत येतो, आर्मेरोचे काय झाले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. जे अहवालांनी साधले नव्हते ते त्या चित्रफितीने साधले. हे दांपत्य त्याच वर्षी ३ जून रोजी जपानमधील उन्झेन पर्वतावर चित्रीकरण करताना मृत्युमुखी पडले.

धोक्याची पायरी वाढत गेली तसतसे रिकामे करण्याचे वर्तुळ १० किलोमीटरवरून २०, ३० आणि अखेर ४० किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले. १० जून रोजी जवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसे हलवली गेली. १५ जून रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला आणि त्याच दिवशी एक चक्रीवादळही येऊन धडकले. पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो माणसे दगावली. पुढे छावण्यांतील रोगराईनेही बळी घेतले. तरी वेळेवरच्या स्थलांतरामुळे किमान ५,००० जीव वाचले, असा दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पिनातुबोचे यश नशिबाचेही होते, हे त्या शास्त्रज्ञांनी कधी लपवले नाही. उद्रेक महिनाभर लांबला असता, तर लोक छावण्यांतून परतले असते आणि इशाऱ्यावरचा विश्वास उडाला असता. पण त्यांनी एक गोष्ट आधीच केली होती : अनिश्चितता लपवण्याऐवजी ती पायऱ्यांत मांडून प्रशासनाच्या हाती दिली होती.

ओडिशा : चौदा वर्षांचा फरक

आपल्या देशात हाच धडा ओडिशाने गिरवला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले, तेव्हा सुमारे १०,००० माणसे मेली. वादळ येणार हे हवामान खात्याने सांगितले होते. परंतु किनाऱ्यावर निवारे मोजकेच होते, गावागावांत सूचना पोहोचवण्याची साधने तुटपुंजी होती आणि एवढ्या मोठ्या वस्तीला हलवण्याची सवय प्रशासनाला नव्हती.

त्यानंतर ओडिशाने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले. ते राष्ट्रीय कायद्याच्या कितीतरी आधी अस्तित्वात आले. किनारपट्टीवर शेकडो बहुउपयोगी निवारे बांधले गेले, गावांत स्वयंसेवक तयार झाले, दरवर्षी सराव होऊ लागला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ फायलिन वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

फायलिनच्या वेळची एक बाजू विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही परदेशी अंदाजकर्ते तेव्हा सांगत होते की भारतीय हवामान खाते वादळाची तीव्रता कमी लेखत आहे आणि हे १९९९ पेक्षाही भयंकर ठरेल. दडपण मोठे होते. खात्याने आपल्या निरीक्षणांवर विश्वास ठेवून ताशी २१० ते २२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा आपला अंदाज बदलला नाही. प्रत्यक्ष वादळ त्या अंदाजाला धरूनच आले. धोका कमी सांगणे जसे घातक, तसे तो फुगवून सांगणेही पुढच्या इशाऱ्याची किंमत घटवते.

लाक्विला आणि किल्लारी : दिलाशाची किंमत

भूकंपाच्या बाबतीत शास्त्रज्ञाची स्थिती अधिक अवघड असते. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. इटलीतील लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीपासून लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते. एक स्थानिक तंत्रज्ञ रेडॉन वायूच्या मोजमापावरून भूकंपाची भाकिते करत असल्याने भीती आणखी वाढली. ३१ मार्च रोजी शासनाच्या मोठ्या धोक्यांविषयीच्या आयोगाची बैठक शहरात झाली. नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी त्या दिवशी दूरचित्रवाणीवर सांगितले की लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडत असल्याने शास्त्रज्ञांच्या मते परिस्थिती अनुकूल आहे. या विधानाला शास्त्रीय आधार नव्हता. तरी बैठकीनंतर शास्त्रज्ञांकडून त्याचे ठळक खंडन झाले नाही.

धक्का जाणवला की घराबाहेर पडून मोकळ्या जागेत रात्र काढायची, ही तेथील लोकांची पिढ्यांची रीत होती. ५ एप्रिलच्या रात्रीही धक्के बसले. दिलाशावर विसंबून अनेक जण घरातच झोपले. ६ एप्रिल रोजी पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०९ माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी याचा निषेध केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सहा तज्ज्ञांना निर्दोष ठरवले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो निकाल कायम झाला. हा खटला भूकंपाचे भाकीत न केल्याबद्दल होता, असा समज पसरला. खरा आक्षेप जोखमीचे मूल्यमापन नीट न करता लोकांना निर्धास्त केल्याचा होता.

ही घटना मराठी वाचकाला किल्लारीची आठवण करून देते. लातूर जिल्ह्यातील त्या परिसरात १९९२ मध्ये लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. ती पुढे ओसरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे १०,००० माणसे गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारित नकाशात ते पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूर परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा चुकू शकतो आणि त्याची दुरुस्तीही होते. मात्र किल्लारीत ती दुरुस्ती माणसे गेल्यावर झाली. भूकंपाची तारीख सांगता येत नसली, तरी कोणते घर पडेल हे अभियंता आधी सांगू शकतो. भूकंपात तज्ज्ञांचा सल्ला उपयोगी पडतो तो मुख्यतः घर बांधतानाच.

वायनाड : रंगावरून वाद

इशारा दिला होता की नाही, हा वाद आपल्याकडे अलीकडे सर्वांत तीव्रतेने झाला तो केरळमधील वायनाडच्या भूस्खलनानंतर. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई व चूरलमला ही गावे दरडीखाली गेली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. केंद्र सरकारने संसदेत सांगितले की राज्याला आठवडाभर आधीपासून इशारे दिले होते. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी उत्तर दिले की आदल्या दिवशीचा इशारा नारिंगी होता, त्यात ११५ ते २०४ मिलिमीटर पावसाचा अंदाज होता, ४८ तासांत प्रत्यक्ष ५७२ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाल इशारा दरड कोसळल्यानंतर सकाळी आला. विशेष म्हणजे कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन त्याआधी अकराच दिवस झाले होते.

या वादात राजकारण बाजूला ठेवले, तरी एक मूलभूत त्रुटी दिसते. पावसाचा इशारा आणि दरडीचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरड कोसळेल की नाही हे आजच्या पावसाइतकेच आधीच्या दिवसांत मुरलेल्या पाण्यावर, मातीच्या जाडीवर, उताराच्या कोनावर आणि त्या उतारावर माणसाने काय केले आहे यावर अवलंबून असते. जिल्हाभरासाठी दिलेला एक रंग एका ओहोळाच्या माथ्यावरची परिस्थिती सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी गावपातळीवर पर्जन्यमापक हवा आणि त्याचा आकडा वाचून कृती करणारा माणूस हवा.

पश्चिम घाटात नकाशाबाहेरचे गावही सुरक्षित नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी ही तज्ज्ञांची त्या वेळची समजूत असते. ती दरवर्षी पाहावी लागते. ते करताना डोंगरावर राहणाऱ्यांचे म्हणणेही ऐकावे लागते. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, जमिनीला भेग पडली, झाडे कलली, हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

गोव्याच्या दृष्टीने

गोव्याला शास्त्रीय ज्ञानाची वाण नाही. दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्को येथे ध्रुवीय व सागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, पणजीत हवामान खात्याचे केंद्र आणि डॉप्लर रडार आहे. चक्रीवादळांचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा समावेश होता. एवढ्या लहान राज्यात शास्त्रज्ञ आणि जिल्हाधिकारी यांच्यात अंतरही फार नाही.

संकटांचाही अनुभव आहे. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात अल्पावधीत झालेल्या अतिवृष्टीने डोंगर खचले आणि पुराने घरे वाहून नेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे व वीजखांब कोसळून अनेक भाग अंधारात राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये सत्तरी, डिचोली भागांत मोठा पूर आला. तौक्तेच्याच काळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी ३०५’ हा तराफा बुडून सत्तरच्या आसपास कामगारांना प्राण गमवावे लागले. हवामान खात्याचे इशारे त्याआधी काही दिवसांपासून निघत होते. इशारा पोहोचणे आणि त्यावर कृती होणे यांतील अंतर समुद्रातही तेवढेच घातक असते.

गोव्यात खरा प्रश्न पहिल्या टप्प्याचा, म्हणजे संकटाआधीच्या सल्ल्याचा आहे. डोंगरकापणी, खाजन जमिनींतील भराव, ओहोळांवरील बांधकाम यांविषयी तज्ज्ञ जे सांगतात, ते इशाऱ्याइतकेच महत्त्वाचे आहे. पण त्याला रंग नसतो आणि तो भ्रमणध्वनीवर येत नाही. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये अहवाल दिला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे त्यानंतर वारंवार निघाले आणि राज्यांच्या हरकतींत अडकत राहिले. आपत्तीच्या रात्री शास्त्रज्ञाला विचारणारे शासन बांधकाम परवान्याच्या दिवशी त्याला विचारते का, ही त्याच्या तयारीची कसोटी आहे.

इशारा कसा वाचावा?

वाचकांच्या माहितीसाठी हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ असा : हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही; पिवळा म्हणजे लक्ष ठेवा; नारिंगी म्हणजे सज्ज राहा; लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या बाबतीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अतिजोरदार आणि त्यापुढील पावसाला अत्यंत जोरदार म्हणतात. रंग ठरवताना पावसाच्या आकड्यासोबत तो पडण्याची शक्यता आणि संभाव्य परिणामही पाहिले जातात. म्हणून नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी ऊन पडले, तर शास्त्रज्ञ खोटे बोलले असे होत नाही. आणि पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी तुमच्या वाड्यावर ढगफुटीसारखा पाऊस पडणार नाही, अशी हमीही मिळत नाही. चक्रीवादळाच्या सूचना साधारण ७२ तास, ४८ तास, २४ तास आणि १२ तास आधी अशा चार टप्प्यांत येतात. शेवटच्या टप्प्याची वाट न पाहता दुसऱ्या टप्प्यालाच होडी किनाऱ्याला लावणे शहाणपणाचे असते. अधिकृत इशारे राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या ॲपवर मिळतात, तर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

इशारा हाती आला की तीन गोष्टी पाहाव्यात. तो कोणी दिला आहे, तो किती क्षेत्रासाठी व किती वेळासाठी आहे, आणि त्यात किती खात्री व्यक्त केली आहे. ‘काही होणार नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्याकडे, तो कितीही मोठ्या पदावर असला तरी, त्यामागचे कारण मागावे.

आर्मेरोच्या लोकांना टेकडीवर जायला अडीच तास होते. लाक्विलाच्या लोकांकडे घराबाहेर झोपण्याची जुनी रीत होती. दोन्ही ठिकाणी निसर्गाने थोडी सवड दिली होती, ती माणसांनी घालवली. गोव्यात पावसाळ्यापूर्वी दरवर्षी गटारे उपसली जातात, झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. त्याच यादीत आणखी एक काम जोडले पाहिजे : कोणत्या वाड्याला कोणत्या इशाऱ्याला हलवायचे, कोठे न्यायचे आणि त्या रात्री निर्णय कोण घेणार, हे तज्ज्ञांना सोबत घेऊन मे महिन्यातच लिहून ठेवणे.